आधी पोट की आधी नागरिकशास्त्र? सिएरा लिओनवरच्या पोस्टला उत्तर

आडवाटेचा
परवा 'रोखठोक' यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनवर लिहिलं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: जिथे एका वेळच्या भाताची मारामार आहे, तिथे सरकारने नागरी शिक्षणासाठी वेगळी परिषद काढायची आणि शाळेत नागरिकशास्त्र परत आणायचं, म्हणजे उपाशी माणसाला पंचांग वाचून दाखवणं. आधी पोट, हक्क-कर्तव्यं मागाहून. त्याखाली एकामागून एक 'अगदी बरोबर', 'मनातलं बोललात'. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

औषधांच्या धंद्यात मी तिथे सहा वर्षं काढली, २०११ ते २०१७. मुक्काम राजधानी फ्रीटाउनला, पण महिन्यातले पंधरा दिवस बो, केनेमा, कैलाहुन असा फिरतीवर. इबोलाची साथही तिथेच पाहिली.

रोखठोक, तुम्ही कार्यकारणभाव उलटा लावलाय. ती माणसं गरीब आहेत म्हणून त्यांना नागरिकशास्त्र परवडत नाही, असं नाही. कोणाला हिशोब विचारायची सोयच राहिली नाही म्हणून ती गरीब राहिली. देश हिऱ्यांचा, बॉक्साइटचा, रुटाइलचा. १९६१ ला स्वातंत्र्य मिळालं. राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांनी १९७२ मध्ये जिल्हा कौन्सिलं मोडली, १९७८ मध्ये एकपक्षीय राज्यघटना आणली, १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांची परिषद भरवण्यात तिजोरी खरवडून काढली. त्या काळाची ओळख सांगणारी क्रिओ भाषेतली म्हण आजही कोणीही ऐकवेल: गाय जिथे बांधाल तिथेच चरणार. म्हणजे ज्याला जी खुर्ची मिळाली त्याने तिथून खावं, आणि बाकीच्यांनी ते निसर्गनियम म्हणून सोसावं. १९९१ ला युद्ध पेटलं ते २००२ पर्यंत. सत्य आणि सलोखा आयोगाने २००४ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं की युद्धाचं मूळ हिऱ्यांत नव्हतं. लोभ, भ्रष्टाचार आणि वशिलेबाजीने लोकांना कंगाल केलं, त्यांचा मान घालवला, त्यातून ते पेटलं. त्या अहवालाची मुलांसाठी सोप्या भाषेत वेगळी आवृत्ती काढली होती. जगात असं पहिल्यांदाच झालं. तुमच्या लेखी तेही पंचांगच का?

एक प्रसंग सांगतो. २०१३, कैलाहुन जिल्ह्यातलं एक गाव. शाळेच्या दोन खोल्या, फळा म्हणजे भिंतीवर फासलेला काळा चौकोन. बाहेर हातपंप, इंडिया मार्क टू. आपल्या सोलापूरच्या एका मिस्त्रीने बनवलेल्या पंपावरून पुढे हे मॉडेल तयार झालं, तेव्हा मला तो बघूनच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. पंप दोन महिने बंद. आतलं चामड्याचं वॉशर गेलेलं, एवढंच. बायका आणि मुली ओढ्यावरून पाणी आणत होत्या आणि मुली शाळेत दुसऱ्या तासाला पोचत होत्या. मास्तरांनी वर्गाला विचारलं, "हा पंप कोणाचा?" साठ-सत्तर पोरांनी एका सुरात पंपावरच्या पाटीवर कोरलेलं परदेशी संस्थेचं नाव सांगितलं. मास्तरांनी फळा पुसला आणि चार प्रश्न लिहिले: पाणी कोण पितं? पंप कोणाच्या जमिनीवर आहे? दुरुस्तीचे पैसे कोणी गोळा केले? ते कुठे गेले? तिसऱ्या प्रश्नाला वर्ग एकदम गप्प झाला, कारण पैसे गोळा झाले होते हे घराघरात माहीत होतं. याला मी नागरिकशास्त्र म्हणतो. आणि ते उपाशी पोरांनाच शिकवलेलं होतं.

रोखठोक
पंपाचा प्रसंग चांगला आहे, पण तो एका भल्या मास्तराचा आहे. सरकारी विषय म्हणजे पुस्तक, घोकंपट्टी आणि परीक्षा. दोन्हीची गल्लत करू नका.

मी वाचूनच लिहिलंय. शाळा फुकट केली ऑगस्ट २०१८ मध्ये, ठीक. पण मुलगा सकाळी उपाशी येतो, दुपारनंतर डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांचं टोपलं घेऊन रस्त्यावर विकतो. त्याला तुम्ही 'नागरिकाची कर्तव्यं' पाठ करायला लावता. आणि हक्कांचं काय झालं तेही बघा. १० ऑगस्ट २०२२ ला लोक महागाईविरुद्ध रस्त्यावर आले. वीसहून जास्त नागरिक आणि सहा पोलीस मेले, इंटरनेट तोडलं, सरकारने त्याला बंड ठरवलं. म्हणजे शाळेत शिकवायचं 'प्रश्न विचारा' आणि विचारला की गोळी. हे शिकवणं क्रूर आहे असं मला मनापासून वाटतं. आधी तांदूळ द्या.

कडूलिंब
तांदळाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं बोलू. तिथे भात खाल्ला नाही तर माणूस म्हणतो आज मी जेवलोच नाही. मग चार रताळी खाल्लेली असोत. आणि तांदूळ मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात बंद केली, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. आपल्याकडे बातमी आली, 'भाव आटोक्यात राहणार'. पश्चिम आफ्रिकेत गोणीचा भाव चढला. त्याआधी जुलै २०२२ मध्ये त्यांनी चलनातली तीन शून्यं काढली होती, त्यामुळे बाजारात जुने-नवे भाव सांगताना म्हाताऱ्या बायकांची त्रेधा. यातलं कुठलंही संकट वर्गात प्रश्न विचारून सुटणारं नाही. रोखठोक पन्नास टक्के बरोबर आहेत.

पण आडवाटेचा यांच्या इतिहासात एक गाळलेली जागा भरते. स्टीव्हन्स यांनी रेल्वेही बंद केली, फ्रीटाउनहून बो-केनेमाकडे जाणारी. विरोधकांचा मुलूख म्हणून सूड घेतला असं तिथे सर्रास म्हणतात.

आडवाटेचा
रेल्वेबाबत लोक तसं म्हणतात हे खरं. पण ती तोट्यात होती आणि बाहेरच्या सावकारांचाही ती बंद करा असाच आग्रह होता. दोन्ही गोष्टी धरून चला.

तांदळाबद्दल: वर्गात प्रश्न विचारून भाव उतरत नाही, मान्य. पण सरकारी गोदामातल्या, मदतीच्या, शाळेच्या खिचडीच्या तांदळाचा हिशोब विचारता येतो. तो विचारणारं कोणी नसलं की मुलांच्या ताटातला तांदूळ बाजारात जातो.

जुना गणवेश
मी साधा माणूस, फौजेतून निवृत्त. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिथे होतो. आपले गुरखा जवान कैलाहुनला बंडखोरांच्या वेढ्यात होते, दोनशेच्या वर माणसं, मे ते जुलै. १५ जुलैला ऑपरेशन खुकरी करून त्यांना सोडवलं. त्या गोष्टी सगळीकडे लिहून आल्यात, मला वेगळं सांगायचंय.

फ्रीटाउनमध्ये हात तोडलेल्यांची छावणी होती, मरे टाउन भागात. तिथे पाण्याचे टँकर पोचवायची ड्यूटी आठवडाभर माझ्याकडे होती. एक माणूस रोज टँकरजवळ यायचा, माझ्या वयाचा असेल. दोन्ही हात मनगटापासून नाहीत. बादलीची कडी कोपरात अडकवून न्यायचा. दुभाष्याने सांगितलं, १९९६ च्या निवडणुकीत 'भविष्य तुमच्या हातात आहे' अशी घोषणा होती, आणि बंडखोर म्हणायचे, मग हातच काढून घेतो. मतदान केलं तर बोटाला शाई लागते. बोटच नको, हातच नको.

रोखठोक साहेब, त्या लोकांना मत म्हणजे काय ते पुस्तकातून कळायची गरज नव्हती. पण ज्यांनी हात तोडले ती पोरं पंधरा-सोळा वर्षांची होती. त्यांना कुणी काय शिकवलं होतं? शाळाच मोडली होती. मी तेव्हापासून म्हणतो की ही पोरं शाळेत असती तर निम्मं युद्ध झालं नसतं.

रोखठोक
काका, तुमच्याबद्दल आदर आहे आणि तुम्ही जे पाहिलंत त्यापुढे मी काय बोलणार. पण एवढं सांगतो की ती पोरं जबरदस्तीने पळवलेली होती, अमली पदार्थ देऊन लढवलेली होती. त्यांना पाठ्यपुस्तक मिळालं असतं तर ती वाचली असती असं म्हणता येत नाही. शाळेतून पळवलेलीही होती.

जुना गणवेश
पळवलेली होती, हे मान्य. 'निम्मं' हा शब्द माझा जास्तीचा झाला.

खडूफळा
सगळे नागरिकशास्त्रावर बोलताय आणि ते शिकवणाऱ्या माणसाच्या ताटात काय आहे हे एकानेही विचारलं नाही. तिथल्या शाळांतले कितीतरी शिक्षक सरकारी पगारपत्रकावर नाहीतच. त्यांना 'पिन कोड' मिळालेला नसतो. पिन कोड म्हणजे पोस्टाचा नव्हे, सरकारी पगार सुरू व्हायला लागणारा क्रमांक. तो येईपर्यंत गाव काय देईल ते: थोडा तांदूळ, पाम तेल, कधी मुलांनी शेतात काम करून दिलेला मोबदला. वर्षानुवर्षं. हे वाचलं तेव्हा मला माझंच चरित्र वाचल्यासारखं झालं.

मी विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं बिनपगारी शिकवलं. घरी सांगायचे, 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द निघालाय, आता पगार होईल. शब्द निघाला २००९ ला, वीस टक्के अनुदान आलं २०१६ ला, आणि माझ्या शालार्थ क्रमांकाची, म्हणजे आमच्याकडच्या पिन कोडची, फाइल त्यानंतरही तीन वर्षं फिरत होती. त्या काळात सकाळी शाळा, संध्याकाळी एका किराणा दुकानात वह्या लिहिणं. एकदा आठवीला 'कल्याणकारी राज्य' शिकवत होते आणि मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "बाई, तुम्ही काल दुकानात का होता?" मला उत्तर आलं नाही. धडा तिथेच थांबवला आणि शुद्धलेखन घातलं.

त्यामुळे आडवाटेचा, तुमच्या त्या मास्तरांचं कौतुक पुरे. त्यांना पगार होता का, तेवढं सांगा.

आडवाटेचा
नव्हता. तीन वर्षं पिन कोडची वाट बघत होते.

खडूफळा
मग हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. तुम्ही फळ्यावरचे चार प्रश्न लिहिलेत आणि ते लिहिणाऱ्याला गाळलंत.

पाटाचं पाणी
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, पण हा धागा सिएरा लिओनचा आहे. प्रत्येक विषयात अनुदान आणायचं म्हणजे अवांतर होतं. शिवाय बिनपगारी नोकरी कोणी जबरदस्तीने दिली नव्हती. संस्थेत लागताना काय दिलं-घेतलं जातं तेही सगळ्यांना माहीत आहे.

खडूफळा
'दिलं-घेतलं' म्हणालात म्हणून सांगते. माझ्या वडिलांनी दोन एकर विकून संस्थेला 'देणगी' दिली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला त्याची लाज वाटली नाही, कारण आजूबाजूला सगळे तेच करत होते. आज वाटते. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा. पण हे अवांतर नाही. ज्याने नोकरीसाठी शेत विकलं त्याने वर्गात प्रामाणिकपणावर बोलायचं, आणि ज्याला राज्याने तीन वर्षं पगार दिला नाही त्याने राज्याबद्दलचं कर्तव्य शिकवायचं, हा एकच प्रश्न आहे. कैलाहुन असो नाहीतर मराठवाडा.

पाटाचं पाणी
तुमच्या वडिलांबद्दल मी बोललो नव्हतो. पण शब्द लागला असेल तर मागे घेतो.

सातासमुद्रापार
मी घानात असतो, कामासाठी फ्रीटाउनला चार-पाच खेपा झाल्यात. खडूफळा ताईंच्या बाजूने एक भर. तिथे या गोष्टीला शब्द आहे 'सबाबू'. ओळख, वरचा हात, आपला वशिला. पिन कोड लवकर हवा तर सबाबू हवा. मूळ अरबी शब्द 'सबब', आपल्या अर्जात 'सबब विनंती की' येतो तोच. आपल्याकडे तो कारण म्हणून उरला, तिकडे कारण घडवून आणणारा माणूस झाला. वशिलासुद्धा अरबीच. असो.

परीक्षेचं सांगतो. दहावी-बारावीच्या दर्जाच्या परीक्षेत पेपरची उत्तरं विकली जातात, केंद्रावरच मास्तर पैसे गोळा करतात. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने परीक्षा केंद्रांवर छापे घातलेत, शिक्षक आणि मुलं पकडलीत. आता विचार करा, ज्याचा पगार येत नाही तो मास्तर परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाकडून थोडे पैसे घेतो आणि फळ्यावर नागरिकशास्त्राची उत्तरं लिहितो. मुलगा त्या दिवशी जे शिकतो ते जन्मभर विसरत नाही. रोखठोक यांनी पोटाचा मुद्दा मुलाच्या बाजूने मांडला, तो मास्तरांच्या बाजूने मांडायला हवा.

रोखठोक
हेच मी म्हणत होतो! आधी मास्तराला पगार द्या, मुलाला जेवण द्या. विषय कुठलाही शिकवा.

आडवाटेचा
नाही, हे तुम्ही म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता नागरिकशास्त्र नको. ताई म्हणतायत शिकवणाऱ्याला उपाशी ठेवू नका. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुम्ही तो सोयीने पुसताय.

रोखठोक
सोयीने हा शब्द मला मान्य नाही. मी लातूर जिल्ह्यात दुष्काळात वाढलोय. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी पोरं चक्कर येऊन पडायची आणि सर प्रतिज्ञा पूर्ण होईपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. 'भारत माझा देश आहे' म्हणत मी माझ्या धाकट्या भावाला पडताना पाहिलंय. तेव्हापासून या विषयाचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. तुम्ही औषधं विकायला गाडीतून फिरलात, मी त्या रांगेत उभा होतो.

आडवाटेचा
हे तुम्ही आधी लिहिलं असतं तर माझा सूर वेगळा असता. गाडीतून फिरलो हे खरं आहे. पण भावाला उचलू न देणारे सर म्हणजे नागरिकशास्त्र नव्हे, ती कवायत.

भिशीवाली
दोघेही एक धरून चाललात की नागरिकशास्त्र हे शाळेतूनच येतं. मी बचत गटांचं काम करते, आमच्याकडे सिएरा लिओनहून बायकांचा एक गट पंधरा दिवस आला होता. त्यांच्याकडे 'ओसुसु' असतो. म्हणजे आपली भिशीच: दर आठवड्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळी. मोठ्या माणसांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत नाही अशा देशात हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. त्यातली एक, मासे वाळवून विकणारी, तिला सही येत नव्हती. पण कोणाची पाळी कधी, कोणी दोनदा बुडवलं, बाळंतीण असली तर पाळी अलीकडे घ्यायचा नियम कधी झाला, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, खजिनदार पैसे घेऊन गेली तर? ती म्हणाली, तिची आई, सासू आणि तिचा मासळीचा गाळा आम्हाला माहीत आहे. पण मंत्र्याचा गाळा माहीत नाही.

मग त्यांना हिशोब विचारणं शिकवायची गरज नाही. जो हिशोब त्या आठवड्याला करतात तो कौन्सिलच्या दारापर्यंत न्यायचा रस्ता दाखवायला हवा. २००४ ला कौन्सिलं परत आली, पण तिथली कागदपत्रं इंग्रजीत. बाजारात क्रिओ, घरी मेंडे नाहीतर टेम्ने, आणि हक्क इंग्रजीत.

कडूलिंब
भाषेचा मुद्दा शंभर टक्के पटला. रेडिओवर हे कधीच सुटलंय. २००० साली फ्रीटाउनमध्ये 'गोल्डन किड्स न्यूज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, युद्ध संपायच्या आधीच. बातम्या देणारी मुलंच. इबोलात शाळा नऊ महिन्यांच्या आसपास बंद होत्या तेव्हाही रेडिओवरूनच धडे चालले. पुस्तकापेक्षा रेडिओला पैसे द्या.

आणि रोखठोक यांना एक उदाहरण, कारण मघाशी त्यांना पन्नास टक्के दिले होते, ते आता कमी करायचेत. इबोलानंतर २०१५ मध्ये सरकारने गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी घातली. त्या साथीत कितीतरी मुली गरोदर राहिल्या होत्या, कुणी जबरदस्तीने, कुणी दोन वेळच्या जेवणासाठी. म्हणजे तुमच्याच भाषेत पोटाचा प्रश्न. तिथल्या आणि बाहेरच्या संघटना पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, मार्च २०२० मध्ये बंदी उठली. भात वाढून ही बंदी उठली नसती. आपल्याला शाळेत बसायचा हक्क आहे हे कोणालातरी माहीत असावं लागलं.

रोखठोक
ही माहिती मला नव्हती. बंदी उठली ते चांगलंच झालं. पण ते वकिलांनी केलं, वर्गातल्या धड्याने नाही.

भिशीवाली
वकिलांना साक्ष द्यायला मुली लागतात, आणि त्यांच्या आया. 'बोलू नकोस, आपलं नाव जाईल' असं म्हणणाऱ्या आयांना कोणीतरी समजावलेलं असतं.

जुना गणवेश
इबोलाचं माझ्या वाचनात असं आलं की लोकांनी सरकारचं ऐकलं नाही, गावच्या प्रमुखांचं ऐकलं. हे खरं का?

आडवाटेचा
बरंचसं खरं. सुरुवातीला सरकारी गाडी दिसली की लोक रानात पळायचे. आधीच्या वीस-तीस वर्षांत सरकारने गावात येऊन काही दिलंच नव्हतं, मग हे पांढऱ्या कपड्यातले लोक माणूस उचलून नेतात आणि तो परत येत नाही, यावर विश्वास का ठेवायचा? पुढे परमाउंट चीफ, म्हणजे मुलखाचे पारंपरिक प्रमुख, यांनी गावठी नियम केले: प्रेताला अंघोळ घालायची नाही, आजारी माणूस लपवायचा नाही, मोडलं तर दंड. ते पाळले गेले. चार हजारांच्या जवळपास माणसं गेली, ती त्याआधी आणि त्या दरम्यान. माझ्या गोदामातला हमाल गेला. त्याच्या आईने रीतसर अंघोळ घातली होती, पाठोपाठ तीही गेली. तिला नियम माहीत होता. पण तो ज्याने सांगितला त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. म्हणून मी या विषयावर एवढा चिडतो. नागरिक आणि राज्य यांच्यात काही नातंच नसेल तर साथीतसुद्धा माणसं मरतात, नुसती निवडणुकीत नाही.

पाटाचं पाणी
चीफ लोकांचं कौतुक चाललंय पण ते काही लोकांनी निवडलेले नसतात. ठरावीक राजघराण्यांतूनच उभं राहता येतं आणि मत देतात ते त्या मुलखातले कौन्सिलर, वीस करदात्यांमागे एक. इंग्रजांनी १८९८ ला झोपडीवर पाच शिलिंगांची घरपट्टी बसवली, त्यावरून बाय बुरेह या प्रमुखाने लढाई केली. त्या घरपट्टीची वसुली चीफकडे होती. तेव्हापासून कर भरल्याची पावती हीच माणसाची ओळख. तुमच्या नागरिकशास्त्रात हा धडा असतो का, की फक्त झेंडा आणि राष्ट्रगीत?

आडवाटेचा
बाय बुरेह सगळ्यांना माहीत आहे, नोटेवरही होता. पण 'कर भरला म्हणजे पावती मागायचा आणि पैसा कुठे गेला विचारायचा हक्क' हे त्याला जोडून कोणी सांगत नाही. तुमचा मुद्दा चांगला आहे.

सातासमुद्रापार
आणि एक राहिलं. तिथल्या १९७३ च्या नागरिकत्व कायद्यात जन्माने नागरिक व्हायला आफ्रिकी कृष्णवर्णीय वंशाचं असणं लागतं. फ्रीटाउनमध्ये पिढ्यान्पिढ्या दुकानं चालवणारे सिंधी आणि लेबनीज आहेत. एका सिंधी दुकानदाराचा मुलगा मला म्हणाला, शाळेत नागरिकशास्त्रात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, आणि वर्गात नागरिक नसलेला मी एकटाच. तो क्रिओ माझ्यापेक्षा काय, फ्रीटाउनच्या कित्येकांपेक्षा चांगलं बोलतो.

खडूफळा
त्याच्या शिक्षकाने त्याला काय सांगितलं असेल?

सातासमुद्रापार
विचारलं होतं मी. म्हणाला, मास्तरांनी तो धडा त्या वर्षी सोडून दिला.

रोखठोक
दोन दिवस वाचतोय. पंचांगाची उपमा मागे घेतो. हात तोडलेल्या माणसाचं वाचल्यावर ती मला लिहवली नसती. पण दोन गोष्टींवर ठाम आहे. दुपारचं जेवण आणि मास्तरांचा पगार यांच्याआधी नागरी शिक्षणाच्या परिषदेवर, भाषणांवर, टी-शर्टांवर एक पैसा खर्च होऊ नये. आणि २०२२ च्या ऑगस्टमधल्या गोळीबाराचा हिशोब झाल्याशिवाय त्या सरकारने मुलांना हक्क शिकवू नयेत. आडवाटेचा, तुम्ही त्यावर एक ओळही लिहिली नाहीत.

आडवाटेचा
नाही लिहिली, कारण उत्तर नाही. त्या देशात २००७ आणि २०१८ मध्ये सत्ता मतपेटीतून विरोधकांकडे गेली. शेजारच्या देशांकडे बघता ही लहान गोष्ट नाही, आणि मी त्याचा आधार घेऊन बसलो होतो. २०२२ ने तो हलवला, २०२३ च्या निवडणुकीची आकडेवारी नीट उघड झाली नाही त्याने आणखी हलवला. जेवण आणि पगार आधी, हे मान्य करतो. विषय थांबवावा हे नाही.

जुना गणवेश
त्या पंपाचं पुढे काय झालं? दुरुस्त झाला का?

आडवाटेचा
झाला. ओसुसुच्या बायकांनी एका पाळीचे पैसे बाजूला काढले, मास्तर स्वतः मोटारसायकलच्या मागे बसून केनेमाला गेले आणि वॉशरं घेऊन आले. आधी गोळा झालेल्या पैशांबद्दल गावच्या बैठकीत विचारणा झाली. विचारलं एका म्हातारीने, उभं राहून. गावप्रमुख बराच वेळ बोलले, मग निम्मे पैसे परत दिले. उरलेले निम्मे मी निघेपर्यंत आले नव्हते. पंप चालू होता. मास्तर २०१६ ला गेले, फ्रीटाउनला केके चालवायला. तीन चाकी, आपली बजाज. मला एकदा लमलीच्या चौकात भेटले, भाडं घेतलं नाही.

खडूफळा
कोणता वर्ग होता त्यांच्याकडे?

आडवाटेचा
पाचवी आणि सहावी, एकत्र.